धुक्यात वर्धा रोड दिसला, मग वैमानिकाला धावपट्टी का दिसली नाही?

सोनेगावकर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेच्या विमानाने पुण्याहून नागपूरला येत होतो. माझी जागा खिडकीपाशी होती. विमान उतरू लागले तेव्हा खाली पिंजलेल्या कापसासारखा धुक्याचा थर पसरलेला होता, पण मान वाकवून सरळ खाली पाहिले की त्या थरातून वर्धा रोडचे दिवे आणि त्यांच्याखालून सरकणारा एक ट्रकसुद्धा ओळखू येत होता. आता दोन मिनिटांत घरी, असे मनात म्हणतो तोच इंजिनांचा आवाज वाढला, पाठ खुर्चीला टेकली आणि विमान पुन्हा वर गेले. थोडा वेळ घिरट्या घातल्यावर आम्हाला हैदराबादला नेण्यात आले आणि नागपूरला पोहोचायला दुपार झाली.

उशीर झाल्याची माझी तक्रार नाही. शेजारचे गृहस्थ मात्र हैदराबादला पोहोचेपर्यंत बोलत होते की, आपल्या आधी दहा मिनिटे मुंबईचे विमान उतरले आहे, आपलाच वैमानिक कच्चा निघाला. (मुंबईचे विमान खरोखरच उतरले होते, हे मला नंतर कळले.) मला मनापासून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मला रस्ता दिसत होता, तर वैमानिकाला धावपट्टी का दिसू नये? आणि एक विमान उतरते व दुसरे परत जाते, तेव्हा हा निर्णय नेमका कोण, कधी आणि कशाच्या आधारावर घेतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वैनतेय

मी प्रवासी विमाने चालवतो. नागपूरला माझे वरचेवर येणे होते, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. धुक्याचा थर १५० फूट जाड आहे असे धरा. तुम्ही सरळ खाली पाहता तेव्हा तुमची नजर जेमतेम ४५ मीटर धुक्यातून जाते. वैमानिकाला मात्र समोर पाहायचे असते. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे त्याच्या नजरेला तोच थर तिरका कापावा लागतो, आणि ३ अंशांच्या कोनात तिरके अंतर उभ्या अंतराच्या १९ पट होते. तुमच्या ४५ मीटरचे त्याच्यासाठी साडेआठशे मीटरहून अधिक झाले. तुम्हाला ट्रक दिसत होता त्या क्षणी त्याच्या काचेसमोर पांढरी भिंत असणे अगदी शक्य आहे. धुक्याचा थर पातळ असेल तर फसगत अधिक होते. वरून संपूर्ण धावपट्टी दिसते, माणूस निर्धास्त होतो आणि शेवटच्या ५० फुटांत थरात शिरल्यावर सगळेच नाहीसे होते. त्या क्षणी नाक वर उचलले गेल्याचा भास होतो आणि हात नकळत नाक खाली दाबू लागतो. जमीन इतकी जवळ असताना तसे करणे जीवघेणे ठरू शकते.

आता निर्णयाविषयी. नागपूरला पहिल्या श्रेणीची आयएलएस, म्हणजे विमानाला रेडिओ लहरींनी धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा, आहे. तिचे दोन रेडिओ झोत असतात. लोकलायझर विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवतो आणि ग्लाइड स्लोप उतारावर. या श्रेणीत निर्णयाची उंची, म्हणजे उतरायचे की वर जायचे हे जिथे ठरवावेच लागते ती, २०० फुटांपेक्षा खाली नसते, आणि धावपट्टीवरची दृश्यमानता, म्हणजे आम्ही ज्याला आरव्हीआर म्हणतो ती, किमान ५५० मीटर लागते. २०० फुटांवर विमान धावपट्टीच्या उंबऱ्यापासून, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या टोकापासून, सुमारे ८७० मीटर दूर असते आणि त्याला फक्त ५५० मीटरपर्यंतचे दिसते. म्हणजे त्या क्षणी धावपट्टी दिसतच नाही, दिसणे अपेक्षितही नाही. दिसायला हवेत ते उंबऱ्याच्या अलीकडे ९०० मीटरपर्यंत मांडलेले मार्गदर्शक दिवे. ते ओळखू आले आणि विमान रेषेत असेल, तर पुढे जायचे. नाही तर वर.

हे ठरवायला फार वेळ नसतो. १४० नॉटचा वेग धरला तर २०० फुटांपासून चाके टेकेपर्यंत साधारण १६ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात विचार करून निर्णय घेता येत नाही. निर्णय आधीच झालेला असावा लागतो. खाली उतरायला लागण्यापूर्वी दोघे वैमानिक एकमेकांना मोठ्याने सांगतात की कोणत्या उंचीवर काय दिसले तर उतरायचे, न दिसल्यास कोणत्या दिशेने किती उंच जायचे, इंधन किती उरेल आणि मग कोणते विमानतळ गाठायचे. मी स्वतः असे समजून चालतो की प्रत्येक वेळी वरच जायचे आहे, आणि दिवे दिसले तर उतरण्याची सवलत मिळेल. गेल्या काही वर्षांत एवढ्या एका सवयीने माझे डोके बरेच शांत राहिले आहे.

पर्जन्यमापक

मी हवामान खात्यातून निवृत्त झालो. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या परिसरातल्या, प्रादेशिक हवामान केंद्रात बरीच वर्षे काढली, त्यामुळे इथल्या धुक्याविषयी थोडे लिहितो.

दिल्लीसारखे आठ-आठ दिवस ठाण मांडून बसणारे धुके आपल्याकडे नसते. अवेळी पाऊस पडून गेला, मागाहून आभाळ निरभ्र झाले, वारा पडला, की ओल्या जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि जमिनीलगतची हवा थंड होऊन धुके धरते. डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या सकाळी असे होते. लोकांचा समज असा की सूर्य उगवला म्हणजे धुके विरणार. प्रत्यक्षात सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते कित्येकदा अधिक दाट होते, कारण कोवळ्या उन्हाने हवा किंचित ढवळली जाते आणि जमिनीलगतचा ओलावा वर पसरतो. पहाटेची विमाने नेमकी त्याच वेळेला येतात.

दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली तरच आम्ही त्याला धुके म्हणतो, त्याहून अधिक असेल तर धुरके किंवा विरळ धुके. आरव्हीआर हा मात्र वेगळा आकडा आहे. धावपट्टीच्या कडेला दोन खांब असतात. एकातून निघालेला प्रकाश दुसऱ्यापर्यंत किती पोहोचला हे यंत्र मोजते आणि त्यावरून धावपट्टीवरचे दिवे वैमानिकाला किती अंतरावरून दिसतील हे काढले जाते. 'दृष्टी' नावाचे असे यंत्र बंगळुरूच्या एनएएल या विमानशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने देशातच तयार केले आहे. धुके हलते असल्यामुळे हा आकडा दहा मिनिटांत ४०० वरून ७०० होतो आणि पुन्हा खाली येतो. मुंबईचे विमान उतरले आणि पुण्याचे उतरले नाही, यात मला नवल वाटत नाही. आपण स्वयंपाकघरात कढईचे झाकण उघडून बंद करावे, तसे ते असते.

जाता जाता एक आठवण. माझे वडील डाक खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. थंडीच्या रात्री विमानाचा आवाज डोक्यावर घुमत राहिला आणि खाली आला नाही, की डाक घ्यायला आलेली माणसे शेकोटीभोवती गप्प होत, असे वडील सांगायचे.

धंतोलीकर

माहिती छान आहे, पण एक शंका आहे. विमान आपोआप उतरवण्याची यंत्रणा १९६५ पासून आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात लंडनच्या हीथ्रोवर ट्रायडंट जातीचे प्रवासी विमान स्वयंचलितपणे टेकवण्यात आले होते. साठ वर्षांनंतरही वैमानिकाला दिवे दिसण्याची वाट का पाहावी लागते? दिल्लीत ५० मीटर दृश्यमानतेत विमाने उतरतात म्हणे. मग नागपूरला ती सोय का नाही, आणि ती आली तर एवढ्या प्रशिक्षणाची गरज उरेल का?

वैनतेय

धंतोलीकर, सोय आली की प्रशिक्षण वाढते, कमी होत नाही.

दुसऱ्या श्रेणीत निर्णयाची उंची १०० फुटांपर्यंत खाली येते आणि दृश्यमानता ३०० मीटर चालते. तिसऱ्या श्रेणीत त्याहूनही कमी, आणि तिच्या एका प्रकारात निर्णयाची उंचीच नसते. परंतु त्यासाठी विमान, वैमानिक आणि विमानतळ हे तिघेही एकाच वेळी पात्र असावे लागतात. विमानतळाच्या बाजूने पाहिले तर धावपट्टीच्या मध्यरेषेत आणि टेकण्याच्या जागी जमिनीत बसवलेले दिवे लागतात. वीज गेली तर हे दिवे एका सेकंदात पुन्हा लागायला हवेत. पहिल्या श्रेणीत साधारणपणे १५ सेकंद चालतात. उंबऱ्याच्या अलीकडची जमीन सपाट लागते, कारण खालच्या उंचीचा हिशेब विमान रेडिओ लहरी जमिनीवर आपटून करते. आयएलएसच्या ॲन्टेनासमोर एखादी जीप जरी उभी राहिली तरी झोत वाकडा होऊ शकतो, म्हणून तो भाग मोकळा ठेवावा लागतो, परिणामी दोन विमानांमधले अंतर वाढते. वर्षातल्या मोजक्या सकाळींसाठी हा खर्च करायचा का, हा हिशेबाचा प्रश्न आहे. माझ्या मते नागपूरला तूर्तास त्याची निकड नाही, यावर मतभेद असू शकतात.

माणसांच्या बाजूने सांगायचे तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार वैमानिकाला या श्रेणींसाठी सिम्युलेटरमध्ये स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते ठरावीक काळाने ताजे करावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या धुक्यात अशी पात्रता नसलेले वैमानिक नेमल्याबद्दल दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड झाला होता.

सिम्युलेटरमध्ये काय घडते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला तेथे उतरण्याचा सराव होत असेल असे वाटते. माझ्या पहिल्या सत्रात चार तासांत विमान जमिनीला टेकले ते मोजून तीन-चार वेळा. बाकी सगळा वेळ परत वर जाण्यात गेला. मागे बसलेला प्रशिक्षक पडद्यावर बोट टेकवतो आणि ३०० फुटांवर स्वयंचलित यंत्रणेचा एक भाग बंद पडतो. पुढच्या फेरीत १५० फुटांवर लोकलायझर भरकटतो. त्यापुढच्या फेरीत सगळे ठीक असते, दिवेही दिसतात, आणि ६० फुटांवर एक पांढरा लोट येऊन सारे पुसले जाते. या सगळ्या वेळात माझी एक मूठ थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या दांड्यावर, असते आणि अंगठ्याला घाम फुटलेला असतो. इतक्या खालून वर जाताना विमान आधी थोडे खचते, चाके धावपट्टीला शिवूनही जातात. ते चालते, घाबरून नाक झटक्याने वर ओढायचे नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात.

त्यातला एक प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. अशा उतरण्यात आमच्याकडे कप्तान शेवटी बाहेर पाहतो आणि सहवैमानिक मान वर न करता फक्त यंत्रांकडे पाहत राहतो. दोघांनीही बाहेर डोकावायचे नाही. निर्णयाची उंची आली की विमान 'मिनिमम' असे बोलते आणि कप्तानाने 'कंटिन्यू' (उतरत राहा) किंवा 'गो अराउंड' (परत वर जा) यांपैकी एक शब्द उच्चारायचा असतो. प्रशिक्षक कधी कधी कप्तानाला आधीच कानात सांगून ठेवतो की तू काहीच बोलू नकोस. समोर दिवे लख्ख दिसत असतात, विमान रेषेत असते, कप्तान मख्ख बसून असतो, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ठरवायचे असते. नियम असा आहे की उत्तर आले नाही तर सहवैमानिकाने विमान हातात घ्यायचे आणि वर जायचे. कप्तानाला झटका आला असेल, तो गोंधळला असेल, काहीही असेल. गप्प बसण्याचा अर्थही 'वर जा' असाच होतो. पहिल्या वेळी बहुतेक मुले कप्तानाकडे वळून पाहतात, आणि त्या वळून पाहण्यात दोन सेकंद जातात.

बिरसीचा पक्षी

मी गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण शिकतो आहे. घर नागपुरात, मनीषनगरला. वैनतेय सरांनी मोठ्या विमानांचे सांगितले, आम्ही अजून लहान विमानांवर आहोत, तरी हेच वेगळ्या रूपात शिकवतात.

यंत्रांवर उडण्याचा सराव करताना आमच्या डोक्याला एक पुढे आलेली टोपी बांधतात. तिच्यामुळे समोरचे यंत्रफलक दिसते, बाहेरचे काही दिसत नाही. आयआर, म्हणजे यंत्रांवर उडण्याचे मानांकन, मिळवण्यासाठी असे ४० तास लागतात. त्यांपैकी जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर करता येतात. पहिल्याच दिवशी माझी खात्री पटली होती की विमान सरळ चालले आहे. सरांनी टोपी काढायला लावली तेव्हा आम्ही चांगलेच डावीकडे कललेलो होतो. कान ठामपणे सांगत होता की सरळ आहे. सर म्हणाले, "कानावर विश्वास ठेवणारे वैमानिक म्हातारे होत नाहीत रे."

माझी शंका अशी आहे की नजरेने उडण्याच्या नियमांत, म्हणजे व्हीएफआरमध्ये, नियंत्रित विमानतळावर किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. लहान धावपट्ट्यांवर आयएलएस नसते. समजा निघताना ६ किलोमीटर होती आणि पोहोचेपर्यंत ३ झाली, धावपट्टी अंधूक दिसतेही आहे, तर प्रत्यक्षात लोक काय करतात?

वैनतेय

नियम सांगतो की परत फिरायचे. "प्रत्यक्षात लोक काय करतात", हा तुझा प्रश्न मात्र फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक एकदा खाली जाऊन पाहतात, आणि अपघातांचे अनेक अहवाल त्या 'एकदा पाहू' पासून सुरू होतात.

मोठ्या विमानांसाठी याच मोहावर एक कुंपण घातलेले आहे. विमानतळाच्या पातळीपासून १००० फुटांवर येण्याआधी आरव्हीआर ठरलेल्या आकड्याखाली गेली असेल, तर त्याखाली उतरायचेच नाही. वैमानिक कितीही अनुभवी असो, जाऊन पाहण्याची मुभा त्याला नाही. १००० फुटांखाली आल्यावर आकडा घसरला, तर निर्णयाच्या उंचीपर्यंत जाता येते. तुझ्या लहान धावपट्टीवर ना आरव्हीआरचे यंत्र, ना कुंपण. तिथे तुझे कुंपण तूच. निघण्यापूर्वी कागदावर आकडा लिहून ठेव आणि तो मोडू नकोस. उपग्रहावर आधारलेली आपली गगन प्रणाली अशा ठिकाणी उपयोगी पडेल. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला एक एटीआर विमान तिच्या साहाय्याने उतरवून पाहिलेही आहे. पण उपग्रहाने मार्ग दाखवला तरी शेवटी ठरलेल्या उंचीवर बाहेर काही दिसावेच लागते.

वरदा_ना

मला या चर्चेत एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. हे सगळे जाणूनही माणसे खाली का जातात? १० एप्रिल २०१० रोजी रशियातल्या स्मोलेन्स्कला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान दाट धुक्यात कोसळले आणि ९६ जण गेले. आपल्याकडे ३१ मे १९७३ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळाजवळ इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ वादळी हवेत उतरताना पडले, त्यात केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्यासह ४८ जण मृत्युमुखी पडले. धावपट्टी दिसलेली नसताना ठरलेल्या उंचीखाली जाणे, हे दोन्हीकडे घडले. त्या वैमानिकांना नियम ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

मी मनुष्यबळ विभागात नोकरी करते, म्हणून माझे लक्ष दबावाकडे जाते. इंधन जळते, पुढचे उड्डाण चुकते, ड्यूटीचे तास संपतात, मागे दीडशे प्रवासी कुरकुरतात. सोनेगावकरांच्या शेजारचे गृहस्थ हाही त्या दबावाचाच एक तुकडा आहे.

वैनतेय

वरदाताई, आपण नेमके बोट ठेवले आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने केलेल्या अभ्यासात आढळले की वेग, उतार किंवा रेषा बिघडलेली असतानाही सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक परत वर न जाता तसेच उतरतात. उतरणे हे काम पूर्ण केल्यासारखे वाटते आणि वर जाणे हरल्यासारखे. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि काही झाले नाही हाच पुढच्या वेळचा चुकीचा धडा ठरतो. म्हणून चांगल्या कंपन्यांत गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी विचारायचे. सरळ नाही, चहा पिताना, हसत हसत, "काल काय झाले हो?" असे. त्या हसण्याचे ओझे पुढच्या धुक्यात जाणवते.

आणखी एक गोष्ट, जी दबावाशी संबंधित नाही. पहिल्या श्रेणीत २०० फूट ही उंची हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकावर वाचतात, आणि त्यात त्या ठिकाणचा दाब हाताने भरावा लागतो. एका हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचे एकक) चूक म्हणजे सुमारे २८ फूट. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ असा आकडा सांगितला. ए३२० विमान पावसाळी हवेत उपग्रहाच्या साहाय्याने उतरत होते. उंचीमापक सगळे ठीक दाखवत होते, प्रत्यक्षात विमान सुमारे २८० फूट खाली होते. दिवे दिसले नाहीत म्हणून वैमानिक वर गेले. त्या वेळी धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे चाकांखाली फक्त ६ फूट उरले होते. 'आणखी दोन सेकंद पाहू', असे त्यांनी केले असते तर काय झाले असते ते सांगायला नको.

सोनेगावकर

सर्वांचे आभार. शेजारच्या गृहस्थांना हा धागा पाठवता आला असता तर बरे झाले असते. शेवटचा एकच प्रश्न. आम्ही हैदराबादलाच का गेलो? रायपूर तर जवळ आहे.

पर्जन्यमापक

ज्या हवेने नागपूरला धुके धरले, तीच हवा बरेचदा रायपूरवरही पसरलेली असते. पर्यायी विमानतळ निवडताना जवळचा पाहत नाहीत, वेगळ्या हवेतला पाहतात.

वैनतेय

काका म्हणतात ते बरोबर आहे. शिवाय तिथे विमान उभे करायला जागा, शिडी, इंधन आणि कंपनीची माणसे आहेत की नाहीत, हेही निघण्यापूर्वीच पाहिलेले असते. तुमच्या विमानात हैदराबादपर्यंतचे इंधन पुण्यालाच भरलेले होते.

सोनेगावकर

समजले. १२ जानेवारीला पुन्हा पुण्याहून यायचे आहे. सकाळी सातला पोहोचणारे तिकीट बदलून साडेअकराला पोहोचणारे घेतले आहे.